आधी खाट, मग वाट

दुपारचे साडेबारा. उत्तर स्पेनमधलं एखादं खेडं, दगडी इमारतीचं बंद दार आणि दारापासून भिंतीच्या कडेने लागलेली सॅकची रांग. माणसं रांगेत नाहीत. ती समोरच्या बारमध्ये बुटांतून पाय मोकळे करून कॉफी नाहीतर बिअर घेत बसली आहेत. रेशनच्या दुकानापुढे पिशवी किंवा वीट ठेवून आपल्याकडे नंबर लावायचे, तसाच हा नंबर. सॅक पहिली असेल, तर तिचा मालक पहिला. एक वाजता दार उघडतं, सगळे लगबगीने आपापल्या सॅकमागे येऊन उभे राहतात आणि कुणीतरी मान उंचावून मोजायला लागतं : आत खाटा वीस, आपण सतरावे. जमलं.

आत टेबलामागे बसलेली बाई पासपोर्ट मागते, वहीत नाव उतरवते आणि घडीच्या पुठ्ठ्यावर शिक्का मारते. हा पुठ्ठा म्हणजे ‘क्रेदेन्सियाल’, यात्रेकरूचं ओळखपत्र. तो नसेल तर खाट नाही. बूट दाराजवळच्या फळीवर, काठ्या पिंपात, सॅक जमिनीवर. ती गादीवर टेकवली तर ओरडा खावा लागतो, कारण ढेकूण सॅकमधूनच गावोगाव फिरतात. मग कागदासारखी पातळ, एकदाच वापरायची चादर हातात पडते. खाटा एकावर एक. गुडघे धरलेल्या वयस्करांना खालची, तरुणांना वरची. भिंतीतला चार्जिंगचा प्लग कुणाच्या उशाशी येतो, यावर रात्रीचं सुख बरंचसं ठरतं.

ही वाट सान्तियागो दे कोम्पोस्तेलाची. येशूच्या बारा शिष्यांपैकी संत याकोब यांचे अवशेष तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहेत, अशी श्रद्धा. तिकडे जाणारे रस्ते पुष्कळ. त्यांतला सर्वांत गाजलेला ‘फ्रेंच मार्ग’ पिरेनीज डोंगराच्या फ्रान्सकडच्या पायथ्याला, सां-ज्याँ-पिए-द-पोर या गावी सुरू होतो आणि सुमारे ७८० किलोमीटर चालून सान्तियागोला पोचतो. साधारण महिनाभराची चाल. बाराव्या शतकातल्या ‘कोदेक्स कालिक्स्तिनुस’ या हस्तलिखितात या वाटेची मार्गदर्शिका आहे. मध्ययुगात इथून माणसांचे लोंढे जात. नंतर ओघ आटला, इतका की १९८५ साली सान्तियागोत पोचल्याची नोंद केलेले यात्रेकरू सातशेसुद्धा नव्हते. त्याच सुमारास ओ सेब्रेइरो या डोंगरी गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या पिवळ्या रंगाचे डबे घेऊन निघाले आणि दगडांवर, झाडांवर, भिंतींवर बाण रंगवत गेले. ते बाण आज वाटभर आहेत. १९९३ साली युनेस्कोने स्पेनमधल्या या मार्गाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. २०१९ मध्ये प्रमाणपत्र घेणाऱ्यांचा आकडा साडेतीन लाखांच्या घरात गेला आणि २०२४ मध्ये पाच लाखांना जेमतेम टेकायचा राहिला. जे अर्ध्यात परतले किंवा प्रमाणपत्राच्या फंदात पडले नाहीत, ते यात धरलेलेच नाहीत.

चाळीस वर्षांत सातशेचे पाच लाख झाले, तरी मधली खेडी तेवढीच राहिली.

मुक्कामाच्या जागेला ‘आल्बेर्गे’ म्हणतात. ग्रामपंचायतीची असते ती म्युनिसिपल, चर्चची असते ती पॅरिशची. मठांच्या असतात, यात्रेकरूंच्या संघटनांच्या असतात आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फोफावल्या त्या खासगी. भाडं ठिकाणाप्रमाणे आठ-दहा युरोंपासून वीसच्या आसपास. फरक भाड्यापेक्षा नियमांत आहे. खासगी आल्बेर्गे फोनवर, ॲपवर आगाऊ नोंदणी घेते. म्युनिसिपल आणि पॅरिशच्या बहुतेक जागा घेत नाहीत. त्यांचा हिशेब साधा : जो पायी आला, आधी आला, त्याची खाट. तीही एका रात्रीपुरती. आजारी असल्याशिवाय दुसरी रात्र नाही, सकाळी आठच्या आत बाहेर.

गालिसिया प्रांताच्या सरकारने १९९३ पासून अशा आल्बेर्गेंचं जाळं उभं केलं. तिथला अग्रक्रम लेखी आहे. आधी अपंग, मग पायी चालणारे, मग घोड्यावरचे, मग सायकलवाले आणि सामानाची गाडी बरोबर ठेवून रिकाम्या हाती चालणारे सर्वांत शेवटी. नियम चोख, इमारती स्वच्छ, स्वयंपाकघर झकपक. फक्त त्या स्वयंपाकघरात भांडी नसतात. शेगडी आहे, पातेलं नाही. ओट्यावर हात टेकून रिकाम्या कपाटांकडे पाहणारा यात्रेकरू हे गालिसियातलं रोजचं दृश्य. यामागचं शासकीय तर्कशास्त्र कुणालाही नीट सांगता आलेलं नाही. आसपासच्या खानावळींची मात्र त्याबद्दल तक्रार ऐकू येत नाही.

आधी येईल त्याची खाट, म्हटल्यावर पुढचं ओघानेच आलं. पहाटे पाचला कुणाचा तरी मोबाइल थरथरतो. हेडटॉर्चचा झोत छतावरून फिरतो. मग प्लास्टिकच्या पिशव्यांची चुरचुर, सॅकच्या चेनचे आवाज, दबक्या आवाजातली दिलगिरी. वीस जणांच्या खोलीत दोघे उठले की वीसही उठतात. त्यांतल्या निम्म्यांना इतक्या लवकर निघायचं नसतं. पण बाकीचे निघाले आणि आपण झोपून राहिलो, तर दुपारी रांगेत एकविसावा नंबर यायचा, ही धास्ती. ज्या वाटेवर माणसं घड्याळ विसरायला म्हणून येतात, तिथे मे आणि सप्टेंबरात खाटेची शर्यत लागते. सूर्य उगवायच्या आत पाच-सहा किलोमीटर मागे पडतात आणि वाटेतलं बाराव्या शतकातलं चर्च अंधारातच ओलांडलं जातं.

खाटा कमी आहेत, असं सगळेच म्हणतात. ते अर्धंच खरं आहे.

उरलेलं अर्धं मार्गदर्शिकांमध्ये आहे. ‘कोदेक्स’नेच पिरेनीजच्या घाटापासून सान्तियागोपर्यंतचे तेरा टप्पे पाडून दिले होते. ते इतके लांब की घोड्याशिवाय जमू नयेत. आजच्या इंग्रजी वाचकांनी वर्षानुवर्षं जॉन ब्रायर्ली यांचं पुस्तक सॅकमध्ये बाळगलं. ब्रायर्ली २०२३ मध्ये गेले, पण त्यांनी आखलेले तेहतीस टप्पे लोक अजून पाळतात. टप्प्याचं शेवटचं गाव छापलेलं असतं, म्हणून सगळे त्याच गावी थांबतात. पहिल्या दिवशी पिरेनीज चढून रोन्सेस्वायेस. तिथल्या मठाच्या आल्बेर्गेत १८०हून अधिक खाटा आहेत आणि कारभार नेदरलँड्सहून आळीपाळीने येणारे स्वयंसेवक बघतात, त्यामुळे एवढ्या गर्दीचाही निभाव लागतो. दुसऱ्या दिवशी तीच सगळी गर्दी वीसेक किलोमीटर उतरून सुबिरीत येते. सुबिरी म्हणजे नदीवरचा एक जुना पूल आणि चार-पाचशे वस्तीचं गाव. दुपारी दोन-तीनपर्यंत दारांवर ‘कंप्लेतो’ची पाटी लागते : जागा भरली. त्यानंतर येणाऱ्याची कथा ठरलेली. ओढ्यात पाय बुडवून बसायचं, दोन फोन करायचे, एकाला स्पॅनिश येत नाही, दुसऱ्याची बॅटरी संपलेली. मग टॅक्सी करून पांप्लोना शहर गाठायचं आणि सकाळी टॅक्सीनेच परत येऊन सोडलेल्या पावलापासून चालायचं.

सुबिरीच्या अलीकडे लिन्सोआइन आहे, पुढे पाच-सहा किलोमीटरवर लारासोआन्या आहे, त्याच्याही पुढे साबाल्दिका. तिथे सिस्टर्स एका जुन्या चर्चशेजारी आल्बेर्गे चालवतात, रात्रीचं जेवण सगळ्यांनी मिळून करायचं. वाट कोळून प्यायलेले लोक म्हणूनच छापील टप्प्यांच्या मधे थांबतात. आज सुबिरीच्या पुढे गेलं की उद्याची पांप्लोनाही मागे पडते आणि मग महिनाभर गर्दीच्या अर्धा दिवस पुढे-मागे चालता येतं. अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांत तेव्हा खाटा बऱ्याचदा रिकाम्या असतात. हे नव्या यात्रेकरूला आठवडाभराने उमगतं, तोवर त्याने पुढच्या दहा मुक्कामांची नोंदणी करून टाकलेली असते.

या नोंदणीने गोची वाढवली. रोज संध्याकाळी पाय शेकत बसलेली माणसं उद्याच्या गावाला फोन लावतात. खासगी आल्बेर्गेंमधली बरीचशी तीन-चार वाजेपर्यंत खाट राखतात, न आल्यास दुसऱ्याला देतात. धूर्त मंडळी दोन-तीन गावांत नावं नोंदवून ठेवतात, जिथवर पाय साथ देतील तिथे झोपतात आणि बाकीच्यांना ‘येत नाही’ एवढं कळवायची तसदीही घेत नाहीत. आल्बेर्गेवाल्यांची सर्वांत मोठी तक्रार हीच. रांगेतल्याला परत पाठवायचं आणि संध्याकाळी राखलेली खाट तशीच रिकामी बघायची. यावर उपाय म्हणून आता पुष्कळ ठिकाणी आगाऊ पैसे घेतात. ॲपवरून पैसे भरणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. अडतो तो पाय सुजलेला, वेग अनिश्चित असलेला, उद्या कुठे पोचू हे ज्याला खरोखर ठाऊक नाही असा माणूस. म्हणजे ज्याच्यासाठी ही सगळी व्यवस्था उभी राहिली, नेमका तोच.

सामानाचंही तेच. स्पेनचं टपाल खातं आणि खासगी कंपन्या काही युरोंत सॅक पुढच्या गावी पोचवतात. पाठीच्या दुखण्याला हा मोठाच आधार. पण सॅक पाठवायची तर मुक्काम आदल्या रात्रीच ठरायला हवा. सार्वजनिक आल्बेर्गेंपैकी बहुतेक जागा अशी आलेली सॅक घेत नाहीत. त्यामुळे सॅक गाडीने जाते, तिचा मालक खासगी खाट धरतो आणि त्याच्या मागोमाग आणखी चौघं.

शेवटच्या शंभर किलोमीटरांत तर गणितच बदलतं. प्रमाणपत्रासाठी किमान शंभर किलोमीटर पायी चालावं लागतं आणि सारिया हे गाव सान्तियागोपासून सुमारे ११५ किलोमीटरवर आहे. सगळ्या यात्रेकरूंपैकी चारातला एक तरी इथूनच सुरुवात करतो. शाळांच्या सहली, चर्चचे गट, कंपनीने पाठवलेले कर्मचारी, ताजे टी-शर्ट, कोरे बूट. महिनाभर चालून काळवंडलेले जुने यात्रेकरू त्यांच्याकडे जरा तिरक्याच नजरेने बघतात. हे गट महिनोन्‌महिने आधी आल्बेर्गे धरून ठेवतात. जुलै-ऑगस्टात खाटा संपल्या की एखाद्या गावात क्रीडा हॉल उघडून देतात. लाकडी फरशीवर चटई अंथरायची आणि स्कोअरबोर्डाखाली झोपायचं.

पण या वाटेवर अशाही जागा आहेत, जिथे ‘भरली’ हा शब्दच शक्यतो उच्चारत नाहीत. ला रिओखा प्रांतातलं ग्रान्योन हे त्यांतलं नाव घेण्यासारखं. तीनेकशे वस्तीचं गाव. सान खुआन बाउतिस्ता चर्चच्या घंटाघरातून अरुंद दगडी जिना वर जातो, वर लाकडी फरशी, फरशीवर एकाशेजारी एक पातळ गाद्या. खाट नाहीच, त्यामुळे खाटांची संख्याही नाही. गाद्या संपल्या तर चर्चमध्ये पथारी. दर ठरलेला नाही. एक लाकडी पेटी उघडी ठेवलेली असते. जमेल ते टाका आणि अडचण असेल तर त्यातूनच घ्या, असा तिच्यावरच्या मजकुराचा आशय. या पद्धतीला ‘दोनातिवो’ म्हणतात, म्हणजे देणगीवर चालणारं. संध्याकाळी कांदे चिरायला, टेबलं मांडायला सगळ्यांनाच बसवतात, पन्नासेक माणसं एका ओळीत जेवतात. दोनातिवोला फुकट समजून दोन नाणी टाकून जाणारे वाढले आहेत, ही तिथल्या स्वयंसेवकांची खंत. रात्रीचं जेवण उद्याच्या मंडळींसाठी आजच्या पेटीतूनच शिजतं.

पुढे पालेन्सिया प्रांताच्या सीमेवर, पिसुएर्गा नदीच्या पुलाआधी सान निकोलास नावाची मध्ययुगीन वास्तू एकटी उभी आहे. इटलीतली एक संस्था ती चालवते. खाटा फक्त डझनभर, आतल्या दालनात वीज नाही, रात्री मेणबत्त्या. जेवणाआधी स्वयंसेवक यात्रेकरूंचे पाय धुतात. दिवसभराचे घामेजलेले, फोड आलेले पाय तांब्याने पाणी घालून धुणारा माणूस गावी बँकेत किंवा शाळेत नोकरी करत असतो आणि सुट्टी टाकून इथे आलेला असतो. राबानाल देल कामिनो इथे ब्रिटिश यात्रेकरू संघटनेची गाउसेल्मो आल्बेर्गे १९९१ पासून आहे. बांधली डोंगराच्या कुशीत, पण दुपारचा चहा इंग्रजी शिस्तीत मिळतो. समोरच्या चर्चमध्ये बेनेडिक्टाइन साधू संध्याकाळी लॅटिन स्तोत्रं म्हणतात. इथेही आगाऊ नोंदणी नाही.

या जागा चालवणाऱ्यांना ‘ओस्पितालेरो’ म्हणतात. बहुतेक जण आधी ही वाट चाललेले. छोटं प्रशिक्षण घेऊन पंधरा दिवसांसाठी येतात, पगार नाही, प्रवासखर्चही स्वतःचा. सकाळी आठला सगळे गेले की संडास धुणं, गाद्या झटकणं, खाटांच्या सांध्यांत टॉर्च मारून ढेकूण शोधणं, बाजारहाट. एक वाजता पुन्हा दार. ढेकणाचा संशय आला तर खोली बंद करावी लागते, म्हणजे त्या रात्री गावातल्या आठ-दहा खाटा गायब.

खेड्यांच्या बाजूने पाहिलं, तर हा गोंधळ म्हणजे जीवदान आहे. स्पेनचा मधला भाग गेल्या शतकात ओस पडत गेला. सेर्खिओ देल मोलिनो यांनी २०१६ मध्ये ‘ला एस्पान्या वासिया’ हे पुस्तक लिहिलं तेव्हापासून रिकामा स्पेन हा तिथल्या राजकारणातला चलनी विषय झाला. लेओनच्या डोंगरातलं फोन्सेबादोन १९९०च्या सुमारास जवळजवळ संपलं होतं. छपरं कोसळलेली, रस्त्यात मोकाट कुत्री. आज तिथे आल्बेर्गे आहेत, पिझ्झा मिळतो, आणि गाव जगतंय ते फक्त रात्री झोपायला येणाऱ्यांवर. मेसेताच्या पठारावरचं ओन्तानास खळग्यात दडलेलं, अगदी पायाशी येईपर्यंत दिसत नाही. तिथे गावकऱ्यांपेक्षा खाटा जास्त आहेत. नोव्हेंबर उजाडला की हेच चित्र उलटतं. पिरेनीजवरचा उंच रस्ता १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद, खासगी आल्बेर्गेंना कुलपं, आणि हिवाळ्यात चालणाऱ्याला पंचवीस-तीस किलोमीटरांत एकच उघडं दार. कारिओन दे लोस कोन्देस सोडल्यावर काल्सादियापर्यंतच्या सतरा किलोमीटरांत तर एकही गाव नाही. थंडीत तिथे पोचून दार बंद मिळालं, तर शर्यतीतली गर्दी परवडली म्हणायची वेळ.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना वारी आली असणार. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर लाखो माणसं आळंदीहून पंढरपूरला जातात आणि तिथे खाट कुणाला मिळाली, हा प्रश्न अशा रूपात येत नाही. वारीत मुक्कामच माणसांबरोबर चालतो. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद ही गावं आणि तिथी ठरलेली. दिंडीचा ट्रक पहाटे राहुट्या घेऊन पुढे जातो, भिशी भरलेल्याची पथारी पडायची जागा दिंडीत ठरलेली असते. सगळ्यांनी एकाच दिवशी निघायचं आणि एकाच दिवशी पोचायचं, म्हणूनच हे शक्य होतं. सान्तियागोचा यात्रेकरू आपल्या सुट्टीप्रमाणे, आपल्या वेगाने, बहुधा एकटा निघतो. त्या मोकळेपणाची किंमत तो दर दुपारी एक वाजता मोजतो. नर्मदा परिक्रमा त्या मानाने सान्तियागोला जवळची. तिथेही चातुर्मास सोडला तर प्रत्येकजण आपल्या दिवशी निघतो आणि संध्याकाळी आश्रमाच्या ओसरीवर किंवा कुणाच्या पडवीत आसन लावतो. नोंदणी नाही, रांग नाही, कारण पाठोपाठ पाच लाख माणसं नाहीत.

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्याला आणखी एक अडचण, युरोपियन यात्रेकरूला ठाऊकही नसलेली. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचे पुरावे जोडावे लागतात. ज्या आल्बेर्गे नोंदणीच घेत नाहीत, त्यांचा पुरावा कुठून आणणार? मग रद्द करता येण्याजोगी हॉटेलं धरायची, कागदांचा गठ्ठा लावायचा आणि व्हिसा हातात पडला की त्यांतली बरीचशी रद्द करून टाकायची. गाद्या जमिनीवर अंथरलेल्या चर्चमध्ये झोपायला निघालेला माणूस कागदोपत्री महिनाभर हॉटेलात राहणार असतो.

पुढचं पवित्र वर्ष २०२७. २५ जुलै, म्हणजे संत याकोबांचा दिवस, रविवारी आला की ते वर्ष पवित्र मानतात, आणि अशा वर्षी गर्दी उसळते. १९९३च्या पवित्र वर्षासाठी सान्तियागोच्या अलीकडे पाचेक किलोमीटरवर, मोन्ते दो गोसो टेकडीवर शेकडो खाटांचा अवाढव्य तळ बांधला गेला. कॅथेड्रलचे मनोरे पहिल्यांदा दिसतात ती ही टेकडी. सबंध वाटेवर ज्या खाटेसाठी पहाटे उठायचं, ती इथे दुपारी उशिरा आलं तरी सहसा मिळते. पण मनोरे दिसल्यावर थांबवतो कोण? बहुतेक जण शिक्का मारून तसेच खाली उतरतात आणि संध्याकाळी सान्तियागोत हॉटेलांचे दर विचारत फिरतात. माहितगार मात्र टेकडीवर झोपतात आणि अंधारातच निघतात. कॅथेड्रलच्या चौकातलं पाचशे वर्षांपूर्वीचं राजेशाही यात्रेकरू रुग्णालय आता आलिशान हॉटेल आहे आणि तिथे रोज पहिल्या दहा यात्रेकरूंना फुकट जेवण द्यायची प्रथा आहे. त्या दहांत येण्यासाठी यात्रेकरू कार्यालयाच्या दारात उजाडायच्या आत उभं राहावं लागतं.